दिघेकाकांची उभी काठी

दिघेकाका नव्या माणसाला पहिल्या दिवशी नाव-गाव काही विचारत नसत. हातात एक पेन्सिल देत आणि म्हणत, "ही तळहातावर उभी करून दाखवा." मलाही तेच सांगितलं. देवासच्या कारखान्यातला माझा पहिला दिवस, अंगावर नवी कोरी साडी, आणि इन्स्ट्रुमेंट सेक्शनमधली सहा माणसं हातातलं काम सोडून बघत उभी. पेन्सिल क्षणभरही टिकेना. तीनदा पडली, चौथ्यांदा टेबलाखाली गेली आणि ती काढायला मला सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसावं लागलं. मग त्यांनी कोपऱ्यातली कोळ्याची जाळी काढायची बांबूची काठी आणून दिली. ती मात्र उभी राहिली. हात पुढेमागे करत मी ती चांगली वीस आकडे मोजेपर्यंत सांभाळली.

"पेन्सिल केवढीशी, काठी केवढी," ते म्हणाले. "तरी सोपी काठी. का?"

मी डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झालेली. गुरुत्वकेंद्र, जडत्व असले दोन-चार भारी शब्द मी हिंदीत फेकले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

"ते पुस्तकात राहू द्या. काठी सावकाश पडते. सावकाश पडणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो. एवढंच." मग खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवत म्हणाले, "हां, आता नाव सांगा."

ऐंशी-एक्याऐंशीचा सुमार असेल. देवासला तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि महाराष्ट्रातून नोकरीसाठी माणसं येत होती. दिघेकाका त्यांच्यातले नव्हते. त्यांचं घराणं दरबाराबरोबर कधीकाळी दक्षिणेतून आलं ते धारलाच मुरलं. आजोबा राजवाड्यातल्या घड्याळांना चावी देत. काका गमतीनं म्हणायचे, "आजोबांनी जन्मभर लोंबणारे लंबक सांभाळले. मी उभा करायला निघालोय. आमच्या घरात एवढीच काय ती प्रगती." ते स्वतः मॅट्रिक. धारला वीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं, आणि घरोघरी स्वस्त ट्रान्झिस्टर आल्यावर ते मिटवून, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, देवासच्या कारखान्यात मेकॅनिक म्हणून लागले. मी आले तेव्हा ते सेक्शनमधले सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत कमी शिकलेले होते.

त्यांचं मराठी ऐकताना मला मनावर गावातल्या आमच्या घरच्या जुन्या पत्रांची आठवण व्हायची. "आपण बसावं", "पाणी घ्यावं", असं वाकवाकून बोलणं. मी हिंदी शाळेत शिकलेली, माझं मराठी म्हणजे खिचडी. एकदा मी म्हटलं, "काका, मला मालूम नाही." ते म्हणाले, "ठाऊक नाही म्हणा, सुधाताई. ठाऊक नसणं काही वाईट नाही, पण निदान मराठीत ठाऊक नसावं." आणि वळून लगेच पलीकडच्या फिटरला ओरडले, "अरे भिया, पेंचकस इधर कर, कब से माँग रिया हूँ!" मी हसले तेव्हा स्वतःच खूश झाले.

सेक्शनमध्ये त्यांच्या शब्दाला फार वजन होतं. "दिघे साब ने बोल दिया तो बोल दिया," असं फिटर मंडळी म्हणत आणि पुढचं कोणी तपासतही नसे. एकदा सुकवणीच्या ओव्हनसमोर आम्ही उभे होतो. तापमानाचा काटा हव्या त्या आकड्याच्या बराच खाली होता. ऑपरेटर निवांत तंबाखू मळत होता. काकांनी काट्याकडे दोन-चार सेकंद पाहिलं आणि एकदम पुढे होऊन गॅसचा कॉक बंद केला. ऑपरेटर चिडला. काका काट्याकडे बोट दाखवून उभे राहिले. गॅस बंद असूनही काटा चढतच गेला, हव्या त्या आकड्याच्याही पुढे गेला आणि मग कुठे थांबला. आत व्हॉल्व्ह अडकून उघडाच राहिला होता. "कुठे पोचलाय ते सगळे बघतात, ताई," ते मला परत येताना म्हणाले. "किती घाईनं निघालाय ते बघावं." हे वाक्य मी पुढे किती जणांना ऐकवलं असेल याची गणती नाही. दर वेळी ते माझंच असल्यासारखं ऐकवते, तेवढी लबाडी माझ्यातही आहे.

पण या न चुकण्याची त्यांना भीतीही होती. एकदाच बोलले होते त्याबद्दल. डिप्लोमावाल्या एका पोरानं त्यांच्यासमोर आपलं सर्टिफिकेट फार नाचवलं, त्या दिवशी चहा पिताना मला म्हणाले, "तुम्हा सगळ्यांकडे कागद आहे. माझ्याकडे कागद नाही. मी चुकत नाही, हाच माझा कागद. ज्या दिवशी चुकेन त्या दिवशी मला धारला परत पाठवतील." मला ते बोलणं अतिशयोक्तीचं वाटलं होतं.

माझी स्वतःची तऱ्हा तर त्याहून वाईट होती. मी एका वर्षाची ट्रेनी. वर्ष दिवाळीला संपणार, आणि मग मला सेक्शनमध्ये पक्कं करायचं की स्टोअरला पाठवायचं हे आमचे प्रमुख भटनागरसाहेब ठरवणार. त्यांनी पहिल्याच महिन्यात मला सरळ सांगून टाकलं होतं, "देखिए, पैनल का काम है, सीढ़ी चढ़ना, भट्ठी के पास खड़े रहना। लड़की स्टोर में ठीक रहेगी।" माणूस दुष्ट नव्हता. त्याला ते खरोखरच माझ्या भल्याचं वाटत होतं, म्हणून तर वाद घालायची सोय नव्हती. इकडे मनावरला दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्पष्ट कळवलेलं होतं की नटबोल्ट मोजायचे असतील तर परत ये, एक स्थळ आलं आहे. मला परत जायचं नव्हतं. मला पॅनेलच्या मागे, त्या तारांच्या जंजाळात बसायचं होतं. आयुष्यात एवढी इच्छा मी दुसऱ्या कशाची केली नाही.

अशा मनःस्थितीत एका रविवारी काकांनी मला घरी बोलावलं. "या, आमचं पोर बघायला." त्यांना मूलबाळ नव्हतं हे मला माहीत होतं, त्यामुळे मी गोंधळूनच गेले. कारखान्याच्या क्वार्टरमधल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बसायला जागा नव्हती, कारण दारापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत एक लांब फळी मांडलेली. फळीवर पडद्याच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांचे रूळ, रुळांवर बेअरिंगवर पळणारा तळहाताएवढा गाडा, आणि गाड्यावर तीन फुटांची एक नळी, फक्त खालच्या टोकाला अडकवलेली. ही नळी त्यांना उभी ठेवायची होती, कुणाचाही हात न लावता. नळी ज्या बाजूला कलेल त्या बाजूला मोटरनं गाडा पळवायचा आणि तिच्या बुडाखाली जाऊन तिला सावरायचं. तळहातावरची काठी आपण सांभाळतो तशीच, फक्त हाताच्या जागी मोटर आणि डोळ्यांच्या जागी सर्किट.

ही कल्पना त्यांना इंदूरच्या जुन्या बाजारात मिळालेल्या एका परदेशी मासिकात सापडली होती. लेख अर्धाच होता, पुढची पानं कुणीतरी पुड्या बांधायला वापरलेली. "बरंच झालं," ते म्हणाले. "सगळा मिळाला असता तर मी नुसती नक्कल केली असती." मोटर धामनोदची, ट्रकच्या भंगारातल्या वायपरची, गिअर काढून टाकलेली. बाकी सगळं धारच्या दुकानातल्या उरल्यासुरल्या मालातून. नळीचं बूड त्यांनी रेडिओच्या एका व्हॉल्यूम कंट्रोलच्या दांड्यात बसवलं होतं. नळी कलली की दांडा फिरे, दांडा फिरला की विजेचा दाब बदले, आणि त्यावरून सर्किटला कळे की नळी किती कलली आहे. त्या व्हॉल्यूम कंट्रोलचा त्यांना विशेष अभिमान. विलायती माल, दुकानातला सगळ्यांत उंची, लोण्यासारखा फिरणारा.

मालतीकाकू पोह्यांवर शेव पेरून बशा घेऊन आल्या आणि फळी ओलांडत म्हणाल्या, "दाखवला का तुमचा दारुडा?"

नाव अगदी रास्त होतं. काकांनी नळी हातानं उभी धरली, बटण दाबलं आणि हात सोडला. गाडा थरथरला, इकडे पळाला, तिकडे पळाला, नळी डुलत डुलत चार-पाच सेकंद सावरली आणि दाराच्या बाजूला आडवी झाली. पुन्हा उभी केली. पुन्हा दाराच्या बाजूला. दर वेळी दाराकडेच. "त्यालाही घराबाहेर पडायचंय," काकू म्हणाल्या. "अडीच वर्षं झाली, एकदा तरी जाऊ द्या त्याला."

त्यानंतरचे सगळे रविवार मी तिथेच घालवले. आपण काहीतरी शिकतो आहोत यापेक्षा आपल्याला कुणी 'तुला झेपेल का' असं विचारत नाही, याचंच सुख मोठं होतं. काका मला माळ्यावरचं सामान काढायला शिडीवर चढवत, सोल्डरिंग करायला लावत, बिघडलं की पुन्हा करायला लावत. नळी नेमकी एकाच बाजूला का पडते याचा आम्ही पिच्छा पुरवत होतो. फरशीला उतार असेल म्हणून दोघांनी मिळून फळी उचलून उलट फिरवली, दाराकडचं टोक स्वयंपाकघराकडे केलं. आता नळी स्वयंपाकघराकडे पडू लागली. म्हणजे दोष फरशीत नव्हता, फळीबरोबर फिरला होता. काका म्हणाले, मोटर एका अंगाला कमी ओढते. ब्रश बदलले. मग धामनोदहून दुसरी मोटर आली. तीही तशीच. "किती कललंय ते बघतंय, किती वेगानं कलतंय तेही बघतंय," ते सर्किटवर बोट ठेवून पुटपुटत. "मग बिनसतंय कुठे?"

नवरात्राच्या थोडं आधीची गोष्ट. एका रविवारी शेजारचे गृहस्थ आपला जुना रेडिओ घेऊन आले, आवाज खरखरतो म्हणून. काकांनी तो उघडला आणि मला दाखवत बसले. रेडिओ हातात आला की ते फार खुलत. "हे व्हॉल्यूम कंट्रोल बघा. याच्यात एक गंमत आहे. आपला कान लबाड. बारीक आवाजातला फरक त्याला चटकन कळतो, मोठ्यातला कळत नाही. म्हणून हे मुद्दाम वाकडं बनवतात. अर्ध्यापर्यंत फिरवा, सावकाश वाढतं. अर्ध्याच्या पुढे भराभर. कानाला मात्र सगळं सारखंच वाटतं."

मी मान डोलावली. आणि माझी नजर फळीवरच्या गाड्याकडे गेली. नळी सरळ उभी असताना दांडा बरोबर अर्ध्यावर असायचा. तो तसा आम्हीच बसवला होता.

"काका," मी म्हटलं, "मग आपलं?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी मीटर आणला, गाड्यावरच्या कंट्रोलला लावला आणि नळी हातात धरून एका बाजूनं दुसऱ्या बाजूला अगदी सावकाश झुकवली. अर्ध्यापर्यंत मीटरचा काटा रांगत गेला आणि पुढे धावत सुटला. नळी एका बाजूला कलली की सर्किटला ते मोठ्यानं ओरडून कळत होतं, आणि दुसऱ्या बाजूला कलली की जेमतेम कुजबुजल्यासारखं. म्हणून त्या कुजबुजीच्या बाजूलाच पडत होती. मोटर बिचारी निर्दोष होती. वीस वर्षं रोज शंभरदा हाताळलेली वस्तू, त्यामुळे ती सरळ नाही हे रेडिओच्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या कुणी हे बनवलं असतं तर त्यानं साधं, सरळ वाढणारं कंट्रोल बाजारातून आणलं असतं. ही चूक फक्त दिघेकाकांनाच करता येण्यासारखी होती.

मी आनंदानं जवळजवळ टाळ्याच पिटल्या. काकांकडे पाहिलं आणि हात खाली घेतले. ते मीटरकडे बघत होते. मग त्यांनी मीटर बंद केला, वायरी गुंडाळल्या. "आज एवढंच," ते म्हणाले. काकूंनी पोहे आणले होते. काका न खाताच आत निघून गेले.

सोमवारी ते माझ्याशी बोलले नाहीत. मंगळवारीही नाही. कामापुरतं 'हे द्या', 'ते ठेवा' तेवढंच. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले तर ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, मी त्यांचा अपमान केला. डोळ्यांत पाणी यायचं, ते पॅनेलच्या मागे जाऊन पुसायचे. मग नवरात्र बसलं. शुक्रवारी टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेले, तर पायऱ्यांवर मालतीकाकू भेटल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, उभा राहिला हो दारुडा! बुधवारीच. चहा होईपर्यंत उभा होता. ह्यांनी सांगितलं असेलच."

ह्यांनी सांगितलं नव्हतं. मी वरपर्यंत न जाता परतले. त्या संध्याकाळी मी दादांना पत्र लिहायला घेतलं की दिवाळीत येते, स्थळाला कळवा. पत्र पुरं केलं नाही, पण फाडलंही नाही.

खंडेनवमीला आमच्या सेक्शनमध्ये पूजा असे, ती काकांनीच सुरू केलेली. पांढऱ्या कापडावर पेंचकस, पाने, मीटर, सोल्डरिंग आयर्न असं सगळं मांडायचं, गंध-फूल वाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी दसरा उजाडेपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. तातडीचं काम आलं तरी नाही. काका याबाबतीत फार कडक. त्या वर्षी जनरल मॅनेजर प्रसादाला येणार होते आणि त्यांनी दिघ्यांची ती उभी राहणारी काठी बघायची इच्छा दाखवली होती. फळी आदल्या दिवशीच हातगाडीवरून आली. "हत्याराला हात लावायचा नाही, मग हे चालू कसं करणार?" असं कुणीतरी विचारलं तर काका म्हणाले, "बटण हे हत्यार नव्हे." एवढी सूट त्यांनी दिली.

जनरल मॅनेजर आले. भटनागरसाहेब बरोबर. सेक्शनची माणसं, शेजारच्या खात्याची माणसं, सगळी गोळा झाली. काकांनी नळी उभी धरली, बटण दाबलं, हात सोडला. नळी उभी राहिली. नुसती उभी राहिली. किंचित श्वास घेतल्यासारखी हलत होती, एवढंच. लोकांच्या तोंडून 'अरे वा' निघालं. मी मागे उभी होते आणि सगळा राग विसरून मला हुंदका आला.

पण गाडा हळूहळू एका बाजूला सरकत होता. टेबल किंचित उतरतं असावं. फळीचं टोक आलं की सगळं आडवं होणार. सर्किटवरचा एक स्क्रू पाव फेरा फिरवला असता तर भागलं असतं. काकांचा हात पेंचकसाकडे गेला आणि त्याच्यावरचं झेंडूचं फूल बघून हवेतच थांबला. मी पुढे घुसले. प्रसादाचा कागद हातात होता, त्याची चार पदरी घडी केली आणि फळीच्या त्या टोकाखाली सरकवली. गाडा थांबला, विचार केल्यासारखा थबकला, आणि परत मध्याकडे यायला लागला.

जनरल मॅनेजर हसले. "ये कौन हैं?"

"ट्रेनी है सर," भटनागरसाहेब म्हणाले. "दिवाली के बाद स्टोर में जा रही है। इस मशीन में एक फॉल्ट था सर, ढाई साल से, वो दिघे साब ने खुद..."

"नहीं साब," काका म्हणाले.

ते मोठ्यानं बोलले नव्हते, पण सगळे त्यांच्याकडे वळले.

"फॉल्ट मैंने नी पकड़ा। इन्होंने पकड़ा। ढाई साल मैं मोटर को गाली देता रिया, और गलती मेरी थी। रेडियो का आदमी हूँ साब, रेडियो का कंट्रोल लगा के बैठ गया, मेरे को दिखा नी। इनको एक दोपहर में दिख गया।" मग माझ्याकडे न बघता, भटनागरसाहेबांकडे बघून म्हणाले, "स्टोर में भेजोगे तो आपका नुकसान है।"

फिटर मंडळी एकमेकांकडे बघत होती. दिघे साब चुकले, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं, तेही दिघे साबांच्याच तोंडून. भटनागरसाहेबांचा चेहरा विचित्र झाला होता. ते काकांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मला वाटलं, माझ्यामुळे चिडले. पण ते एवढंच म्हणाले, "ठीक है दिघे साब। देखते हैं।"

दिवाळीनंतर मी स्टोअरला गेले नाही. पक्की झाल्याचं पत्र आलं तेव्हा काकांनी ते हातात घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बघा, आता तुमच्याकडे दोन कागद झाले." आणि त्यांना कुणी धारला परत पाठवलं नाही. उलट पोरं आता त्यांना येऊन बिनदिक्कत विचारू लागली, आपल्या चुका सांगू लागली. त्यांचं एक वाक्य तेव्हापासून ऐकू येऊ लागलं, आधी कधी ऐकलं नव्हतं. नळी दाखवून नव्या पोरांना म्हणायचे, "ही उभी आहे असं वाटतं ना? ही सारखी पडत असते. पण पडते आहे हे दर क्षणाला कबूल करते, म्हणून उभी." मी त्यांच्या हाताखाली आणखी पाच वर्षं काम केलं. जे काही मला येतं ते त्या पाच वर्षांतलं.

ते निवृत्त होऊन धारला गेले. मी दोनेक वर्षांनी भेटायला गेले, तेव्हा माझ्याकडे सेक्शनची एक शिफ्ट सोपवली होती आणि ती बातमी मला पत्रानं कळवायची नव्हती. काका खूप वाळले होते. दम्यानं बोलताना थांबावं लागत होतं. काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी म्हटलं, "काका, तुम्ही नसतात तर मी आज मनावरला असते," आणि नमस्काराला वाकले.

त्यांनी पाय मागे घेतले.

"आधी ऐका," ते म्हणाले. "हे सांगायचं राहून गेलंय. त्या आठ-दहा दिवसांत मी आपल्याशी बोललो नाही, ते रागानं नव्हे. बुधवारी नळी उभी राहिली. गुरुवारी मी भटनागरसाहेबांना जाऊन सांगितलं की फॉल्ट मी शोधला."

भटनागरसाहेबांचा त्या दिवशीचा चेहरा मला एकदम आठवला. त्या माणसाला ठाऊक होतं, आणि इतक्या वर्षांत त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं.

"मला वाटलं, एक पोरगी, आज आहे, उद्या लग्न होऊन जाईल. तिला काय फरक पडतो. माझं तर सगळंच जातं. हे मी माझ्या मनाशी अगदी व्यवस्थित पटवून घेतलं होतं, सुधाताई." ते श्वास घ्यायला थांबले. "खंडेनवमीला सकाळी घरी हत्यारं मांडली. गंध लावलं, फूल वाहिलं. आणि हात जोडवेनात. ज्या हत्यारानं ते कंट्रोल बदललं तेच समोर होतं. त्याला ठाऊक होतं. देवाची गोष्ट निराळी, देवाला आपण काहीही सांगतो. रोज हातात असतं त्याच्यासमोर कसं बोलणार? तशीच पूजा अर्धी टाकून कारखान्यात आलो. तरी साहेब बोलायला लागेपर्यंत माझं ठरलं नव्हतं. त्यांनी वाक्य पुरं केलं असतं तर कदाचित मी गप्पही बसलो असतो. आता बोला."

इतकी वर्षं मी त्यांना सहज चांगला असलेला माणूस समजत होते. ज्याला चांगलं वागायला कष्ट पडत नाहीत, असा. माझी नोकरी, माझी शिफ्ट, माझं आजचं सगळं आयुष्य त्यांच्या एका 'नहीं साब'वर उभं होतं, आणि तो शब्द तोंडातून निघेल की नाही हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. एवढं भय असून त्यांनी तो शब्द उच्चारला, आणि तो माझ्यासाठी उच्चारला, हेच मनात राहिलं.

ती आमची शेवटची भेट. पुढच्या थंडीत ते गेले. काकूंचं कार्ड आलं तेव्हा दहावाही उलटून गेला होता. पण त्या दिवशी ते समोर होते, खुर्चीत, पायांवर शाल घेतलेले, आणि माझ्या उत्तराची वाट बघत होते. निकालाची वाट बघावी तशी.

मी पुन्हा वाकले. या वेळी त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.